परातीएवढा हिरवा

आमच्या वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्या लोकांना हे उलटं वाटतं, वाटू द्या. खरी अडचण वेगळीच आहे. वडीलधारा माणूस पाया पडला की त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि ही गोष्ट आमच्या शेषराव मामाजींना पक्की ठाऊक आहे. हिवरखेडला चौदा एकर काळी जमीन, वय अडुसष्ट, गावात शब्दाला मान. आणि हा माणूस माझ्या अकोटच्या रंगाच्या दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांत माझ्या चपलांना हात लावतो. मग मी दातओठ खातो आणि म्हणतो, "बोला मामाजी."

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मात्र त्यांनी पाय धरले ते सोडेचनात.

"भाचेबुवा, मेलो मी. तुही मामी आता मले घरात राहू देत नाई."

खिशातून त्यांनी रुमाल काढला. रुमालात गिलाव्याचा टवका होता. एका बाजूने सिमेंट, दुसऱ्या बाजूने हिरवा. तो हिरवा मी कुठंही ओळखला असता.

"बैठकीतली भीत?" मी विचारलं.

"बैठकीतली भीत. परातीएवढी पडली."

आता ही भिंत काय आहे ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी मामाजींनी नवं घर बांधलं. दारं त्यांनी निवडली, फरशी त्यांनी निवडली, स्वयंपाकघरातला ओटा किती उंच हवा हेसुद्धा, ज्यांनी आयुष्यात कधी पोळी लाटली नाही त्या मामाजींनीच ठरवलं. तानुमामी कशालाच काही बोलली नाही. रंगाची वेळ आली तेव्हा एवढंच म्हणाली, की बैठकीतली समोरची भिंत माझी. मला ती हिरवी पाहिजे. मामाजी म्हणाले क्रीम. झालं. पुढचे अकरा दिवस त्या घरात वरणात मीठ पडलं नाही. बाराव्या दिवशी मामाजींनी हात टेकले, आणि मामी माहेराहून, शेंदूरजनाघाटहून, भावाच्या बागेतलं संत्र्याचं एक पान घेऊन माझ्या दुकानात आली. तेव्हा माझ्याकडे रंग जुळवायची मशीन नव्हती. मी हाताने जुळवला. पिवळा थेंब, काळा थेंब, परत पिवळा, असा दोन दिवस. शेवटी पान भिंतीला लावलं तर ते सापडत नव्हतं. बढाई नाही मारत, पण माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम.

त्या भिंतीला खिळा ठोकायला मामीची बंदी होती. आणि मामाजींकडे एक फोटो होता. आदर्श शेतकरी म्हणून सरपंच त्यांना शाल-नारळ देतोय, असा, चांगला दोन फुटी फ्रेमचा. नऊ वर्षं तो कपाटात पडून होता. आदल्याच दिवशी मामी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अमरावतीला गेली, मुलीकडे, वर्षालीकडे. दहा दिवस तिथंच राहणार होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मामाजींनी हातोडी घेतली. खिळा गेला आत. मग भिंत आली बाहेर.

"मामाजी, मामी रागावन तं रागावन," मी म्हणालो. "दोन दिवस बोलन, चूप बसन."

"रागाचं नाई गा." ते स्टुलावर बसले. "चाळीस वर्सात तिनं एकच गोष्ट मागतली माह्याजोळ. तेबी भांडून घ्या लागली तिले. अन् ते मी फोडली. येऊन पायते तं आता डोयेबी नवे राह्यतीन तिचे."

हे ऐकून माझा राग जरा उतरला. मी टवका हातात घेतला.

पण ज्या कंपनीचा तो रंग होता, ती कंपनी हिरव्यातून कधीच उठून गेली होती. आता ते लोक फक्त छतावर लावायचं काळं काहीतरी विकतात. मी जुळवलेलं प्रमाण एका कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं होतं, आणि ते कॅलेंडर त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं. राहिली मशीन. टवका मशीनच्या डोळ्यासमोर धरला. तिने दुसऱ्या कंपनीचा नंबर दिला आणि पडद्यावर लिहिलं, सत्त्याण्णव टक्के जुळतो.

"बाकीचे तीन टक्के कुठी गेले?" मामाजींनी विचारलं.

"तीन टक्के कोनालेच दिसत नाई मामाजी."

"तिले दिसतीन."

तो डबा घेऊन मी आणि माझा पेंटर जीवन हिवरखेडला गेलो. जीवनने गिलावा केला, पुट्टी ओढली, दुसऱ्या दिवशी रंग लावला. वाळल्यावर पाहिलं तर ते उरलेले तीन टक्के रस्त्यावरून दिसत होते.

मग मामाजी अकोल्याला गेले. तिथल्या दुकानदाराने तिसऱ्या कंपनीचा डबा दिला. झाकणावर नाव होतं 'फॉरेस्ट व्हिस्पर'. त्याचा अर्थ मी जंगलाची कुजबुज असा सांगितला, तर मामाजी म्हणाले, "माह्या घरात काहून कुजबुजते? खरं बोलनारा दे." तोही लावला. तो निळ्याकडे गेला. मग चौथी कंपनी, मग पाचवी. प्रत्येक कंपनीचा हिरवा आपल्या घरी साधाभोळा असतो, दुसऱ्या कंपनीच्या हिरव्याशेजारी बसवला की दोघांचं जुनं वैर असल्यासारखे दिसतात. हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, पण माझ्या पाया पडून माझं कोणी ऐकत नाही, फक्त कामाला लावतं.

पाचव्या दिवसापर्यंत आठ डबे झाले. गावात बातमी पसरली होतीच. लोक पाहायला येऊ लागले. एसटी स्टँडवर भाजी विकणारी माणिकबाई टोपली दारात ठेवून आत आली. हिरव्याच्या बाबतीत तिचा शब्द हिवरखेडात शेवटचा. तिने आधी डागाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

"तुहा डबा म्हंजे आजची मेथी हाये," ती म्हणाली. "अन् भीत परवाची मेथी हाये. कसं जुयन?"

मला भयंकर राग आला. "माणिकबाई, तो रंग ताज्या पानावरून जुळवलेला हाये. मी स्वता जुयवला."

"मंग पानाले इचार बाप्पा. मी भाजी इकते, खोटं काहून बोलू?"

चिडून मी पुढच्या तीन डब्यांत काळा आणि तपकिरी थेंब टाकले. परवाची मेथी काही होईना, शेवाळ झालं. अकरा डबे ओसरीवर रांगेत उभे होते आणि मामाजी त्यांच्यासमोर उकिडवे बसलेले. तिथं माझ्याकडून चूक झाली. त्यांना धीर द्यावा म्हणून मी धंद्यातली एक खरी गोष्ट बोलून गेलो, की शेजारी काय रंग आहे त्यावर रंग कसा दिसतो ते ठरतं. माणिकबाई पिवळं लुगडं नेसून उभी राहिली की डाग वेगळा दिसतो, मी लाल शर्टात उभा राहिलो की वेगळा.

मामाजींनी मान हलवली. त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर बैठक रिकामी होती. सोफा, टीव्ही, पलंग, सगळं अंगणात. लाल फरशीवर धुतलेली पांढरी चादर अंथरलेली. चादरीवर गावातली दहा-बारा माणसं पांढरे कपडे घालून ओळीने बसलेली. कोणाचं धोतर, कोणाचा लग्नातला झब्बा, एकाने तर नुसता टॉवेल पांघरला होता. चपला बाहेर. सगळे भिंतीकडे तोंड करून, अगदी चूप. बोलल्याने लक्ष उडतं म्हणून मामाजींनी बोलायला बंदी केली होती आणि स्वतःचा फोन बंद करून धान्याच्या कोठीत टाकला होता. दर पाच मिनिटांनी ते एकेका माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे. तो माणूस जड मनाने मान हलवायचा, म्हणजे नाही जुळत.

मीही पांढरा शर्ट घालून बसलो. भाचा ना मी.

आता विचार करा, रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसलं असेल. घरातली बाई ऑपरेशनला अमरावतीला गेलेली. सामान अंगणात. आत पांढरी चादर, पांढऱ्या कपड्यातली माणसं, आणि घरधनी एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतोय. मी पोचायच्या आधीच तेल्हाऱ्याच्या सकाळच्या पहिल्या एसटीतून कोणीतरी हे खिडकीतून पाहिलं होतं. साडेदहापर्यंत दोन बाया दारातच गळा काढून रडायला लागल्या. मला वाटलं, रंग इतका वाईट दिसतो की काय.

अकरा वाजता माझा फोन थरथरला. गावच्या ग्रुपवर सकाळपासून तानुमामीचा फोटो फिरत होता. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून वर्षालीने परवा पाठवलेला, काळ्या चष्म्यातला. आता त्याच्याभोवती फुलांची चौकट होती, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली अठ्ठावन्न लोकांनी हात जोडलेले.

मी उठून मामाजींना सांगायला जाणार, तेवढ्यात अंगणात बोलेरो येऊन थांबली. मामीचे भाऊ महादेवराव, शेंदूरजनाघाटचे, ज्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. बातमी कळली तशी पहाटेच्या कपड्यानिशी निघालेले. त्यांनी मामाजींना मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

"शेषराव, शेवटी काय म्हनली माही बहीन?"

मामाजींच्या मनात सहा दिवस एकच गोष्ट होती. त्यांचेही डोळे भरून आले.

"खिया ठोकू नका म्हनली होती," ते म्हणाले. "मी ठोकला."

महादेवराव चादरीवर बसले ते बसलेच. त्यांना खरं काय ते पटवायला मला पंधरा मिनिटं लागली. पटल्यावर ते आधी हसले, मग परत रडले, मग मामाजींच्या अंगावर धावून गेले. जीवनने त्यांना धरलं. तेवढ्यात माझ्या फोनवर वर्षाली.

"दादा, काय चाललं हाये तिकडे? आईनं पट्टी काढल्यावर पह्यल्यांदा मोबाइल वाचाले घेतला, तं सोताचीच श्रद्धांजली वाचली. मले म्हने, गाडी काढ. आमी अकोट सोडलं आता."

अकोट सोडलं म्हणजे अर्धा-पाऊण तास. मामाजींनी हे ऐकलं आणि ते तडक ओसरीवर गेले. एक प्लास्टिकची बादली घेतली. अकराही डब्यांत जे उरलं होतं ते एकेक करून त्यात उपडं केलं. चार कंपन्या, दोन तालुके, जंगलाची कुजबुज आणि माझं शेवाळ, सगळं एकत्र. मी ओरडलो, "मामाजी, त्याचं काय होईन सांगता येत नाई!" ते म्हणाले, "आतापावतो सांगता येत होतं, तं काय झालं?" जीवनने काठीने ढवळलं, ब्रश बुडवला आणि परातीएवढा तो डाग रंगवून टाकला. आम्ही दोन पंखे लावले. वाळत आला तसा मी पाहिला. आतापर्यंतच्या सगळ्यांत वाईट जुळला होता. मळकट भिंतीच्या मधोमध लखलखीत हिरवा, आंधळ्यालाही दिसावा असा.

मामाजी डागासमोर उभे राहिले. "झाकता बी येत नाई," एवढंच म्हणाले.

गाडी आली. मामी काळा चष्मा लावून उतरली. अंगणात रडणाऱ्या बाया किंचाळल्या आणि मग तिच्या गळ्यात पडून दुप्पट रडल्या. तिने सगळ्यांना बाजूला सारलं, भावाच्या पाठीवर हात फिरवला, आणि सरळ बैठकीत आली. पांढऱ्या कपड्यातले लोक उठून उभे राहिले. मामीने चष्मा काढला.

तिने आधी सबंध भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पुढे होऊन तिने डागावर बोट ठेवलं. बोटाला ओला रंग लागला. तो तिने नव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला.

"हा कोनं लावला?"

मामाजींनी एका दमात सगळं सांगितलं. खिळा, फोटो, परात, अकोला, अकरा डबे, बादली. "लय परयत्न केला तानू. नाई जुयला तुहा रंग."

मला मामाजींची दया आली. मी मध्ये पडलो. "मामी, ऑपरेशननंतर थोडे दिवस रंग येगळे दिसतेत म्हनते डॉक्टर..."

"डोयाचं काई नाई गजू. डोया चांगला हाये." तिने परत डागाकडे पाहिलं. "हाच माहा रंग हाये. एवढाच. बाकीची भीत माही नाई."

कोणालाच काही कळेना.

"नऊ वर्सापह्यले दादाच्या बागेत संत्र्याले नवती फुटली होती," मामी म्हणाली. "कवळं पान, असं चमकत होतं. मले वाटलं, हे घरात पायजे. एक तोडलं, रुमालात बांधलं. मंग वरुडहून एसटी, अमरावतीले दोन मुक्काम, मंग अकोट. तुह्या दुकानात रुमाल सोडला तवा तिसरा दिवस होता. पान मेलं होतं तवर. तू म्हनला, मामी, अगदी पानासारखाच करून देतो. अन् तसाच देला. त्याच्यात तुही काई चूक नाई."

परवाची मेथी. माणिकबाई दारात उभी होती, पण ती काही बोलली नाही, हे तिचे उपकार. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे एका सुकलेल्या पानाची हुबेहूब नक्कल होती. मला खरंच रडू आलं.

"मंग तवाच बोलली काहून नाई?" मामाजींनी विचारलं.

"अकरा दिवस भांडून घेतलेला रंग. कोन्या तोंडानं म्हनू, चुकला म्हनून? तुमी म्हनाले असते, पाय, क्रीमच बरा होता."

मामाजी हळूच चादरीवर बसले. त्यांनी त्या मळकट भिंतीकडे पाहिलं, जिच्यासाठी त्यांनी सहा दिवस जीव टाकला होता. मग मामीकडे पाहिलं.

"तानू, आनखी काय काय सांगतलं नाई तू मले?"

मामीने त्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसांवरून नजर फिरवली. "बसा," ती म्हणाली. "चहा ठेवते आधी."

सगळ्यांना अचानक शेतातली कामं आठवली.

चहा झाल्यावर मामाजींनी फोटोचं विचारून पाहिलं, अगदी बारीक आवाजात. मामी म्हणाली, "त्या तुकड्याले हात लावसान तं याद राखा. बाकीच्या भितीवर ठोका, किती ठोकाचे ते." मामाजींनी लगेच हातोडी आणली. नऊ वर्षांनी आदर्श शेतकरी भिंतीवर चढला.

मग मामीने मला विचारलं, आता सगळी भिंत या तुकड्यासारखी कधी करतो? मी जीवनकडे पाहिलं. जीवनने बादली घासून स्वच्छ धुवून ठेवली होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच. तळाला थेंब नाही. मी डागाचा टवका काढायला गेलो तर मामीने हात धरला. तुकड्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

चार दिवसांनी महादेवरावांची बोलेरो माझ्या दुकानासमोर थांबली. मामाजी उतरले आणि सवयीप्रमाणे वाकले. मी पाय वर खुर्चीवर घेतले. ते तरीही खुर्चीच्या पायाला हात लावून मोकळे झाले. त्यांच्यामागून मामी उतरली. तिच्या हातात रुमाल नव्हता. तिच्यामागे महादेवराव एक काळी पिशवी दोन्ही हातांनी उचलून आणत होते, मातीने भरलेली, ओली, पाणी ठिबकत असलेली. पिशवीत दीड हात उंच संत्र्याचं कलम होतं, आणि त्याच्या शेंड्याला नवती फुटलेली. ते त्यांनी काउंटरवर, मशीनच्या शेजारी ठेवलं.

मामीने चष्मा काढून पदराला पुसला आणि स्टूल ओढून काउंटरसमोर बसली.

"सावकाश कर," ती म्हणाली. "यावक्ती मी इथीच बसते."

मी मशीनचं बटण बंद केलं आणि ढवळायची काठी शोधायला लागलो.